संस्कृती म्हणजे काय, आणि ती ठरवतं कोण?



आजचा विषय एका शब्दाचा आहे: संस्कृती. शब्द सोपा वाटतो, कारण तो आपण रोज वापरतो. पण कसा वापरतो ते बघा. ‘आज संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम आहे’ असं म्हटलं की गाणं, नाच, नाटक एवढंच डोळ्यांसमोर येतं. ‘हडप्पा संस्कृती’ म्हटलं की विटा, गटारं, मुद्रा, मातीची भांडी, नगररचना हे सगळं येतं. ‘मुलगा मोठा सुसंस्कृत आहे’ यात वागण्याबद्दलचा अभिप्राय असतो. ‘आमच्या ऑफिसात कामाची संस्कृतीच नाही’ ही तक्रार असते. आणि ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं कुणी म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याला काहीतरी करू नको असं सांगायचं असतं. एकच शब्द, पण कामं पाच.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पहिल्यांदा हेच शिकवायचो की वाद सुरू करण्याआधी शब्दाचे अर्थ वेगळे करा. अर्धा वाद तिथंच मिटतो. उरलेला अर्धा मात्र खरा असतो. आज आपल्याला त्या उरलेल्या अर्ध्यापर्यंत जायचंय.

शब्द कुठून आला?

‘संस्कृती’ हा शब्द जुना आहे, पण आजच्या अर्थाने तो फारसा जुना नाही. ‘सम्’ आणि ‘कृ’ यांपासून तो तयार झाला. नीट करणं, घडवणं, शुद्ध करणं हा त्याचा मूळ भाव. संस्कार, संस्कृत हे त्याचे सख्खे भाऊ. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना, म्हणजे कलांना, ‘आत्मसंस्कृती’ म्हटलं आहे. माणूस कलेतून स्वतःला घडवतो, असा तो विचार आहे.

युरोपात काय झालं? लॅटिनमधला ‘कुल्तुरा’ हा शब्द शेतीचा. जमीन नांगरणं, मशागत करणं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसरोने ही उपमा मनाला लावली आणि तत्त्वज्ञान म्हणजे मनाची मशागत असं म्हटलं. पुढे त्यातूनच ‘कल्चर’ आला.

हा ‘कल्चर’ आपल्या भाषांत आणायची वेळ आली तेव्हा मौज झाली. बंगालीत त्यासाठी ‘कृष्टी’ हा शब्द चालू झाला होता. तोही शेतीवरूनच आलेला, म्हणजे मुळाशी प्रामाणिक. पण रवींद्रनाथांना तो मुळीच आवडत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहून ठेवलं आहे की १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून त्यांना ‘संस्कृती’ हा शब्द या अर्थाने मिळाला. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि रवींद्रनाथांनी तो उचलून धरला. म्हणजे बंगालीत हा शब्द रुजण्यात मराठीचा थोडा हात आहे. आणि ‘आपली संस्कृती’ म्हणताना आपण जो शब्द वापरतो, त्याचा आजचा अर्थ असा देशोदेशी फिरून घडलेला आहे.

मूल्य सांगणारा अर्थ आणि वर्णन करणारा अर्थ

आपल्याकडे एक व्याख्या फार लोकप्रिय आहे. तुम्हीही शाळेत ऐकली असेल. भूक लागणं ही प्रकृती, दुसऱ्याच्या हातचं हिसकावून खाणं ही विकृती आणि आपल्या घासातला घास दुसऱ्याला देणं ही संस्कृती. व्याख्या सुंदर आहे. तिच्यात एक आदर्श आहे, मुलांना सांगावी अशीच आहे. पण तिची अडचणही बघा. या व्याख्येप्रमाणे संस्कृती म्हणजे फक्त चांगलं. मग जे वाईट आहे ते संस्कृतीत मोडतच नाही! समाजात शतकानुशतकं चालत आलेली एखादी क्रूर प्रथा असली तर ती ‘विकृती’ म्हणून बाजूला सारायची, की संस्कृती पुन्हा स्वच्छ. असं केल्यावर आपल्याला आपल्याच समाजाचा अभ्यास करता येत नाही. हा झाला संस्कृतीचा मूल्यवाचक अर्थ.

दुसरा अर्थ वर्णनपर आहे. १८७१ साली एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने तो मांडला. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने कमावलेल्या सगळ्या सवयी आणि क्षमता या साऱ्यांची गुंतागुंतीची बेरीज म्हणजे संस्कृती, असं त्याच्या म्हणण्याचं सार आहे. या अर्थाने असंस्कृत समाज असूच शकत नाही. कातकऱ्याला संस्कृती आहे, कलेक्टरला आहे, चोरांच्या टोळीलासुद्धा आहे. टायलरच्या मनात मात्र समाजांची एक शिडी होती: खाली रानटी, वर युरोप. ही शिडी पुढे फ्रांझ बोआस आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी काढून टाकली. त्यांच्यामुळेच ‘संस्कृती’चं अनेकवचन रूढ झालं. नंतर १९५२ साली क्रोबर आणि क्लुकहोन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी संस्कृतीच्या व्याख्या गोळा करायला घेतल्या, तर त्या १६४ निघाल्या. त्या सगळ्या सांगत बसत नाही, घाबरू नका. त्यांतले तीन-चार धागे आपल्याला पुरतात.

शिकलेलं ते संस्कृतीचं

पहिला धागा: संस्कृती जन्माने मिळत नाही, ती शिकावी लागते. भूक जन्माने मिळते. पण ज्वारीची भाकरी थापणं, ती कशाबरोबर खायची, पहिला घास बाजूला काढायचा की नाही, जेवताना बोलायचं की नाही, हे सगळं शिकलेलं असतं. एका घरात जन्मलेलं मूल दुसऱ्या देशात वाढलं तर डोळ्यांचा रंग आई-वडिलांचा राहील, पण भाषा, चव, लाज आणि विनोद तिथले होतील.

तुम्ही म्हणाल, शिकतात तर प्राणीसुद्धा. बरोबर आहे. जपानमधल्या कोशिमा नावाच्या बेटावर १९५३ साली अभ्यासकांनी एक गंमत पाहिली. तिथं माकडांना रताळी टाकत असत. एका लहान माकडिणीने वाळू लागलेलं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. तिचं पाहून तिच्या सवंगड्यांनी आणि तिच्या आईने ते उचललं. हळूहळू कळपात ती रीत पसरली. जुने थोराड नर मात्र शेवटपर्यंत वाळूसकट खात राहिले! (हशा) आता ही संस्कृतीची सुरुवात म्हणायची का? काही अभ्यासक म्हणतात, हो. मलाही हरकत वाटत नाही.

फरक पडतो तो साठवणुकीत. माणसाची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या खांद्यावर उभी राहते. कुंभाराचं चाक, पंचांग, शून्य, रेल्वेचं वेळापत्रक, यांतली एकही गोष्ट एका माणसाने एका आयुष्यात शोधलेली नाही. यासाठी भाषा लागते आणि शिकण्यासाठी लांबलचक बालपण लागतं. वासरू जन्मल्यावर काही तासांत उभं राहतं. आपलं लेकरू वर्षभर चालत नाही आणि वीस वर्षं घर सोडत नाही. ही दुर्बलता हीच माणसाची शाळा आहे.

खूण आणि अर्थ

दुसरा धागा जास्त महत्त्वाचा आहे. संस्कृती म्हणजे नुसत्या सवयी नव्हेत, त्या सवयींना लावलेले अर्थही आहेत.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं एक उदाहरण आहे. दोन मुलं एकाच वेळी उजवी पापणी झटकन मिटतात. एकाची पापणी नुसती लवलीय आणि दुसऱ्याने डोळा मारलाय. कॅमेऱ्याने चित्र घेतलं तर दोन्ही सारखंच दिसेल. पण डोळा मारणं हा निरोप आहे. त्यात ठरलेली खूण आहे, ती ओळखणारा कुणीतरी आहे. क्लिफर्ड गीर्त्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात हे उदाहरण घेतलं आणि म्हटलं की संस्कृतीचा अभ्यास म्हणजे हा फरक वाचण्याचा अभ्यास.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. एक बाई सकाळी तोंड धुताना कपाळावरचं कुंकू पुसते. हाताची एक हालचाल. तीच हालचाल, नवरा वारल्यावर दहा जणींच्या समोर दुसरीच कुणी बाई तिच्या कपाळावर करते. शरीराच्या दृष्टीने दोन्हीकडे लाल पूड निघाली, बाकी काही झालं नाही. पण दुसऱ्या हालचालीने तिचं हळदी-कुंकवातलं स्थान गेलं, लग्नातली ओटी भरण्याची जागा गेली, शुभकार्यात पुढे यायचा हक्क गेला. एवढं सगळं त्या चिमूटभर पुडीत कुठे होतं? पुडीत नव्हतंच ते. ते लोकांनी मिळून धरून ठेवलेल्या अर्थांत होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हे अर्थ काल्पनिक नाहीत. त्यांचा घाव खरा असतो. दुसरी, ते माणसांनी धरून ठेवलेले असतात, म्हणून माणसांना ते सोडताही येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने सगळं बदलतं असं नाही. पण हे काम गावाने, एकत्र बसून करावं लागलं, हे लक्षात घ्या. एकट्या बाईने कुंकू ठेवायचं ठरवलं असतं तर लोकांनी त्याचा भलताच अर्थ लावला असता. अर्थ सामूहिक असतो, म्हणून तो बदलायलाही समूह लागतो.

सामायिक, पण कुणामध्ये?

तिसरा धागा: संस्कृती सामायिक असते, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. इथं जरा थांबायला हवं.

महाडचं चवदार तळं घ्या. पाणी ही निसर्गाची गोष्ट. ते कुणी प्यायचं, ही संस्कृतीची. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर सनातनी मंडळींनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने लागला.

आता बघा, त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, तेव्हा शुद्धी लागत नव्हती. माणसं प्याली तेव्हा लागली. म्हणजे शुद्धी पाण्याची नव्हतीच. ती क्रमवारीची डागडुजी होती. दोन्ही बाजूंची माणसं मराठी बोलणारी, एकाच मुलखातली. त्या तळ्याला काय अर्थ आहे हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं. या अर्थाने संस्कृती सामायिक होती. पण एका बाजूला त्या अर्थाचा लाभ होता आणि दुसऱ्या बाजूला फक्त भार.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो की ‘सामायिक’ म्हणजे ‘सर्वांना मान्य’ असं समजू नका. भाषा कळणं वेगळं, तिच्यात आपल्याला शिवी मिळत असेल तर ती पटणं वेगळं. ‘आपली संस्कृती’ असं कुणी म्हटलं, की त्यातल्या ‘आपली’वर बोट ठेवून विचारायचं: यात कोण कोण आहे, आणि त्यांतल्या कुणाला विचारलं होतं?

बदल कसा होतो?

चौथा धागा बदलाचा. संस्कृती बदलते हे सगळेच म्हणतात. कशी बदलते ते पाहायला आपण उपासाच्या ताटाकडे जाऊ.

साबुदाण्याची खिचडी. एकादशीचा, चतुर्थीचा अगदी सोवळा पदार्थ. त्यात काय काय आहे? आपण खातो तो साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदापासून करतात. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने उभे राहिले तेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली. म्हणजे ज्ञानेश्वरांनी आणि नामदेवांनी एकादशी केली असेल, पण खिचडी खाल्ली नसणार! तूप आणि जिरं सोडलं तर त्या ताटलीत जुनं काही नाही.

मग हे परके पदार्थ थेट उपासात कसे शिरले? कारण उपासाचा नियम पदार्थांच्या नावांची यादी नव्हती. तो एक साचा होता. धान्य वर्ज्य, कंदमुळं आणि फळं चालतात. नवा कंद आला, तो धान्य नव्हता, साच्यात बसला. साचा टिकला, आतला माल बदलला. आणि साचाही सगळीकडे एक नाही. उपासाला कोथिंबीर चालते का, या प्रश्नावर दोन घरांत दोन उत्तरं मिळतील आणि दोन्ही घरं म्हणतील, ‘आमच्याकडे पूर्वापार असंच आहे.’

कधी आतला माल तोच राहतो आणि अर्थ बदलतो. वारली चित्रं पूर्वी बायका लग्नाच्या वेळी भिंतीवर काढत. तो विधीचा भाग होता. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली. आज ती जगभरच्या कलादालनांत आहेत. तांदळाच्या पिठाची तीच पांढरी रेघ. पण विधीतली खूण आता कलाकाराच्या नावाची कलाकृती झाली.

आणि कधी कुणीतरी अधिकाराने बदल अडवायला जातं. हार्मोनियम परदेशी वाद्य, त्यावर आपले स्वर नीट निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून जवळजवळ तीन दशकं त्यावर बंदी घातली होती. स्वरांबद्दलच्या त्या आक्षेपात तथ्य होतं, हे गाणारे लोक सांगतील. पण तेवढ्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी काही खाली ठेवली नाही.

मग टीका कुठून करायची?

आता मूळ अडचणीकडे येतो. बोआसच्या परंपरेने शिकवलं की दुसऱ्याची संस्कृती आपल्या मापाने मोजू नका. आधी ती आतून समजून घ्या. साम्राज्याच्या काळात हे सांगणं फार मोलाचं होतं. पण काही जण पुढची उडी मारतात: प्रत्येक संस्कृती आपापल्या जागी योग्यच, बाहेरच्याने बोलू नये. ही उडी तर्काने चुकीची आहे. ‘असं आहे’ यावरून ‘असंच असावं’ हे निघत नाही. समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. डॉक्टर रोग समजून घेतो, म्हणून तो रोगाच्या बाजूचा होत नाही.

आणखी एक गोष्ट या उडीत विसरली जाते. टीका नेहमी बाहेरून येते असं कुठे आहे? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ते धर्म आणि संस्कृती बुडवतायत असं म्हणणारे लोक होते. आज तीच शाळा आपण आपल्या संस्कृतीचा अभिमान म्हणून सांगतो. संतांनी भक्तीच्या भाषेत उच्चनीचतेला प्रश्न विचारले. जोतीरावांनी शेतकऱ्यांच्या घरातल्या बळीराजाला पुन्हा उभं केलं. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्म स्वीकारला, तोही याच भूमीतल्या एका जुन्या वाटेवर परत जाऊन. तेव्हा प्रथा जशी संस्कृतीची, तसा प्रथेला झालेला विरोधही संस्कृतीचाच.

म्हणून घरात, गावात, सभेत ‘ही आपली संस्कृती नाही’ असं वाक्य ऐकलं तर रागावू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. हे वर्णन आहे की आज्ञा? वर्णन असेल तर पुरावा पाहू, आज्ञा असेल तर कारण मागू. हे किती जुनं आहे? पुष्कळदा ते आजोबांच्या आजोबांपर्यंतही पोचत नाही. आणि याचा भार कोण उचलतं? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो क्वचितच विचारला जातो. जुनं आहे म्हणून टाकायचं नाही आणि जुनं आहे म्हणून ठेवायचंही नाही. तिन्ही उत्तरं समोर ठेवून ठरवायचं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, सगळं बदलतं म्हणता, पण खूप काही कायमचं हरवतंयही. त्याचं काय?*

हरवतं, हे खरं आहे, आणि त्याचं दुःख होणं स्वाभाविक आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. पिठाची गिरणी आली आणि ओव्या थांबल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून केवढा ठेवा होता ते कळलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, आंबेडकर, सगळ्यांवर रचना केल्या आहेत. पण त्या ओव्या परत याव्यात म्हणून आपण सुनेला पहाटे उठवून जात्यावर बसवणार आहोत का? नाही ना? कष्ट गेले ते चांगलं झालं, शब्द गेले ते वाईट झालं. दोन्ही एकदम खरं आहे. शब्द जपायचे असतील तर नोंदवणं, ऐकणं, शिकवणं हे काम आपण करायचं. कष्ट जपायची गरज नाही.

*प्रश्न: मुलगा परदेशात आहे. नातवंडांना आपली संस्कृती कशी द्यायची?*

तंजावरचे मराठी लोक आठवा. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे तीनशे वर्षांहून जास्त काळ, ती कुटुंबं तिथं आहेत. त्यांच्या घरातली मराठी आपल्याला जुनी आणि तमिळ वळणाची वाटते. पण आहे ती मराठीच. तिच्यात ती माणसं भांडतात, हसतात, मुलांना झोपवतात, म्हणून ती टिकली. तेव्हा नातवंडांना नियमांची यादी देऊ नका. त्यांच्याशी मराठीत बोला, चुकलं तर हसू नका, फोनवर एखादी गोष्ट सांगा. आणि त्यांनी ‘असं का करायचं?’ असं विचारलं तर ‘आपल्यात असतंच तसं’ एवढं म्हणून गप्प करू नका. कारण माहीत असेल तर सांगा. नसेल तर त्यांच्याबरोबर बसून शोधा.